प्रवेशपरीक्षेची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक जुनी म्हण आहे. ज्यांनी ती रूढ केली त्यांनी ती पायरी स्वतः चढून पाहिली असली पाहिजे, यात संशय नाही. बांधाचा तंटा, भाऊबंदांतील वाटणी, सात-बाऱ्यावर पडलेले एखादे चुकीचे नाव, एवढ्याशा कारणांसाठी वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या दोन दोन पिढ्यांनी तालुक्याच्या गावी खेपा घातल्या आहेत. वाशीम जिल्ह्यास तर कायद्याचा परिचय मुळीच नवा नाही. शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासंबंधीचा दोन जैन पंथांमधील वाद १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत पोचला होता. परंतु कोर्टात पक्षकार म्हणून जाणे निराळे आणि वकील म्हणून जाणे निराळे. ज्या घरातील आजोबांनी तारखांमागून तारखा पाहिल्या, त्याच घरातील नातू किंवा नात आज काळा कोट घालून ती पायरी चढू इच्छिते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा आणि खुद्द वाशीम येथील कित्येक घरांत आज ही आकांक्षा आढळेल.

ह्या आकांक्षेच्या दाराशीच एक परीक्षा उभी आहे. २०१६ सालापासून महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांतील प्रवेशासाठी राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा द्यावी लागते. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींच्या परीक्षा वेगवेगळ्या होतात. बारावीस किंवा पदवीस सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्यास निदान ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांस ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस ४० टक्के गुण असावे लागतात. एवढे असले की परीक्षेचे दार सर्वांस सारखेच उघडे असते. मग ह्या दाराशी येऊन विद्यार्थ्याचे पाय लटपटतात ते कशामुळे?

ह्याचे उत्तर शोधण्यासाठी भीतीचे स्वरूप प्रथम नीट पाहिले पाहिजे. भय ही काही दुबळ्या मनाची खूण नव्हे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली दाखवून दिले की, संकट समोर दिसताच प्राण्याचे शरीर झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते. ॲड्रेनलिन नावाचा द्रव रक्तात मिसळतो, हृदय जलद चालू लागते, तोंड कोरडे पडते आणि पोटात गोळा उठतो. रानात वाघ समोर आला असता ही सिद्धता प्राण वाचविते. परीक्षेच्या दालनात वाघ नसतो, पण शरीरास ते कळत नाही. ते आपले कर्तव्य इमानाने बजावीत राहते.

ही सिद्धता नेहमीच अपायकारक असते असेही नाही. १९०८ साली यर्किस आणि डॉडसन ह्या दोघा संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. उत्तेजना अगदी थोडी असली तर उंदीर संथपणे शिकत आणि ती फारच वाढली तर काम अवघड असताना गोंधळून जात. मध्यम उत्तेजनेत ते सर्वांत लवकर शिकले. मनुष्याच्या बाबतीतही पुष्कळदा हाच अनुभव येतो. ज्याला परीक्षेची मुळीच फिकीर नाही तो पुस्तक उघडीत नाही आणि ज्याला अतोनात फिकीर आहे त्याला उघडलेल्या पुस्तकातील अक्षर दिसत नाही. तेव्हा भीतीचे समूळ उच्चाटन करणे हे ध्येय नव्हे. तिला प्रमाणात आणणे हे ध्येय होय.

पुढे १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस ह्या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे करून दाखविले. छाती धडधडणे, तळहातांस घाम सुटणे हा शरीराचा भाग झाला. 'आता काही खरे नाही, सगळे पुढे गेले, घरी तोंड कसे दाखवावे' हा चिंतेचा भाग झाला. गुणांवर अधिक परिणाम होतो तो ह्या दुसऱ्या भागाचा. मनाची तात्कालिक स्मृती ही लहान पाटीसारखी असते. तिच्यावर एका वेळी थोडाच मजकूर मावतो. अर्धी पाटी चिंतेने भरली म्हणजे प्रश्न मांडण्यास जागा उरत नाही. विद्यार्थी म्हणतो, "मला सारे येत होते, पण आठवले नाही." तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच येत असते, पण पाटी रिकामी नसते.

म्हणूनच परीक्षेच्या वेळची भीती ही अंगच्या योग्यतेचे माप नव्हे. ह्याचा दाखला कायद्याच्याच क्षेत्रातून देता येतो. मोहनदास गांधी नावाचा एक तरुण १८९१ साली विलायतेत बॅरिस्टर होऊन परतला. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात तो आपला पहिला खटला चालविण्यास उभा राहिला, तेव्हा त्याचे पाय कापू लागले आणि साक्षीदारास विचारावयाचा एकही प्रश्न त्याला सुचेना. तो खाली बसला आणि दुसरा वकील पाहण्यास सांगून मोकळा झाला. ही हकीकत गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे ज्या माणसाने साम्राज्यास जाब विचारला, त्याला एकदा एका साध्या साक्षीदारास प्रश्न विचारता आला नव्हता, ही गोष्ट घाबरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

भीती ही आरोपी नसून साक्षीदार आहे, असे मानले तर पुष्कळ काम सोपे होते. साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावयाचे असते, परंतु उलटतपासणी घेतल्यावाचून ते खरे मानावयाचे नसते. 'सारे अवघड आहे' असे भीती सांगते. तिला विचारावे की, नेमके कोणते आणि किती?

हा प्रश्न विचारला की प्रश्नपत्रिकेचे अंग समोर येते. २०२५ साली पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षेत १२० प्रश्न होते आणि वेळही १२० मिनिटांचा होता. त्यांपैकी कायदेविषयक कल व तर्क यांचे ३२ प्रश्न, तर्कशक्ती व विश्लेषण यांचे ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींचे २४, इंग्रजीचे २४ आणि प्राथमिक गणिताचे केवळ ८. आता कला शाखेच्या विद्यार्थ्याची झोप बहुधा गणित उडविते. १२० पैकी ८ गुणांसाठी तो रात्री जागवितो आणि ६४ गुणांच्या तर्काच्या प्रश्नांस उरलासुरला वेळ देतो. भीतीचे माप आणि गुणांचे माप एक नसते, हे ह्यावरून कळून येईल. ज्या वर्षी परीक्षा द्यावयाची त्या वर्षीचे माहितीपत्रक आधी मुळातून वाचावे, गुणांची वाटणी एका कागदावर लिहून भिंतीस लावावी आणि तिच्या प्रमाणात दिवसाचे तास वाटावेत. ह्या एवढ्या कामाने भीतीचा बराच भाग ओसरतो, कारण अज्ञाताचे भय ज्ञाताच्या भयाहून नेहमीच मोठे असते.

कायदेविषयक प्रश्नांबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वकिलाच्या घरातील मुलांस ते सोपे जात असतील, शेतकऱ्याच्या मुलांस कसे जमावे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ह्या प्रश्नांपैकी तर्काच्या प्रश्नांत कायदा पाठ असण्याची अपेक्षा नसते. आधी एक तत्त्व दिलेले असते, मग एक प्रसंग सांगितलेला असतो आणि ते तत्त्व त्या प्रसंगास लावून उत्तर काढावयाचे असते. उदाहरणार्थ, तत्त्व असे की, जो मनुष्य आपल्या सोयीसाठी आपल्या जमिनीवर अपायकारक ठरू शकेल अशी वस्तू साठवितो, ती निसटून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास त्याची चूक असो वा नसो, तो जबाबदार राहील. आता प्रसंग असा की, एका शेतकऱ्याने शेततळे खणले, चांगल्या कारागिराकडून बांध घातला, दरवर्षी त्याची डागडुजी केली. तरीही एका रात्री बांध फुटला आणि शेजाऱ्याची तूर वाहून गेली. तो भरपाईस जबाबदार आहे काय?

विद्यार्थ्याचे मन म्हणते, बिचाऱ्याने काळजी तर सारी घेतली होती, त्याला दोष कसा द्यावा? आणि तो 'जबाबदार नाही' ह्या पर्यायावर खूण करतो. परंतु तत्त्वातच 'चूक असो वा नसो' हे शब्द आहेत, म्हणून उत्तर 'जबाबदार आहे' असेच येते. दुसरा विद्यार्थी अधिक हुशार असतो. त्याने कोठेतरी वाचलेले असते की, दैवी आपत्तीत जबाबदारी राहत नाही. तो आपल्या पदरचा अपवाद घालतो आणि त्याचेही उत्तर चुकते, कारण दिलेल्या तत्त्वात तो अपवाद नाही आणि दिलेल्या प्रसंगात तशी आपत्तीही नाही. हे तत्त्व काल्पनिक नव्हे. इंग्लंडातील रायलंड्स विरुद्ध फ्लेचर ह्या खटल्यात १८६८ साली ते कायम झाले आणि तेथेही प्रश्न साठविलेल्या पाण्याचाच होता. ज्याने शेततळे डोळ्यांनी पाहिले आहे त्याला हा प्रसंग शहरातील मुलापेक्षा अधिक लवकर कळेल. दिलेले तेवढेच धरावे, मनातले घालू नये, ही एकच सवय येथे लागते आणि ती सरावाने लागते.

सामान्य ज्ञानाच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. खेड्यातील विद्यार्थी पुढच्या वर्गातील मुलांची जुनी पुस्तके वापरतो. काटकसर म्हणून हे योग्यच आहे. परंतु १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली आणि १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे जुने कलम आता १०३ झाले आहे आणि फसवणुकीचे ४२०, जे मराठी बोलण्यात शिवीसारखे रुळले आहे, ते आता ३१८ व्या कलमात गेले आहे. राज्यघटनेच्या अभ्यासास जुने पुस्तक पुष्कळ अंशी चालेल, फौजदारी कायद्यास ते चालणार नाही.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्यास भाषेचे भय असते. ह्या परीक्षेत इंग्रजीचा विभाग सोडला तर प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात. तथापि कायद्याची मराठी ही बोलण्याची मराठी नव्हे. अपकृत्य, संविदा, प्रतिफल, अभिवचन हे शब्द पहिल्या भेटीत परकेच वाटतात. म्हणून एका वहीत टॉर्ट म्हणजे अपकृत्य, कॉन्ट्रॅक्ट म्हणजे संविदा किंवा करार, अशा जोड्या रोज पाच-सहा लिहाव्यात. एक शब्द एका भाषेत अडला तर दुसऱ्या भाषेतील प्रश्न वाचून वाट सापडते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे मात्र तसे नाही. नागपूर, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्रातील अशी तीन विद्यापीठे आहेत. त्यांच्या प्रवेशासाठी क्लॅट नावाची अखिल भारतीय परीक्षा इंग्रजीतूनच द्यावी लागते आणि तीत चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. राज्याच्या परीक्षेत २०२५ सालापर्यंत गुण कापण्याची पद्धत नव्हती.

हा फरक बारीक दिसतो, पण त्याचा हिशेब मोठा आहे. वेळ संपत आला आणि राज्याच्या परीक्षेत २० प्रश्न उरले, तर चार पर्यायांपैकी एकावर नुसत्या अंदाजाने खूण केली तरी सरासरीने ५ गुण पदरात पडतात. कोरे सोडले तर शून्य. भ्यालेला विद्यार्थी मात्र चुकण्याच्या भयाने प्रश्न कोरे सोडतो. जेथे चुकण्यास दंड नाही तेथे भिऊन गप्प राहणे हाच दंड होय. क्लॅटमध्ये नुसत्या अंदाजाचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. तेथे निदान एक-दोन पर्याय खात्रीने खोडता आले तरच खूण करणे शहाणपणाचे.

आता अभ्यासाच्या रीतीविषयी. एकच धडा चार वेळा वाचला म्हणजे तो ओळखीचा वाटू लागतो आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा भ्रम होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटास उतारा पुन्हा पुन्हा वाचावयास सांगितला आणि दुसऱ्या गटास तो एकदा वाचून पुस्तक मिटून आठवावयास सांगितला. पाच मिनिटांनी पाहता वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर पाहता आठवणारे पुढे गेले होते. तात्पर्य, वाचून झाल्यावर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर काय उरले ते लिहावे. हे करताना त्रास होतो, आपल्याला किती कमी येते हे दिसते आणि म्हणूनच पुष्कळ जण ते टाळतात. परंतु घरच्या ओसरीवर भोगलेला हा थोडासा त्रास परीक्षेच्या दालनातील मोठा त्रास वाचवितो.

ह्याच कारणास्तव सराव परीक्षेसारखाच असला पाहिजे. शेवटच्या दोन महिन्यांत आठवड्यातून निदान एकदा घड्याळ लावून, मध्ये न उठता, सलग दोन तास पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी. परीक्षा संगणकावर होते. ज्याने सारा सराव कागदावर केला त्याला पडद्यावरचा प्रश्न नवखा वाटतो. घरी संगणक नसेल तर शाळेत, वाचनालयात किंवा गावच्या सेवा केंद्रात बसून काही प्रश्नपत्रिका तरी तशा सोडवाव्यात. सोडवून झाल्यावर गुण मोजून वही मिटू नये. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: माहीत नव्हते, वाचण्यात चूक झाली, की घाई झाली? तिसऱ्या-चौथ्या खेपेस विद्यार्थ्यास आपल्या चुकांची जात कळू लागते. ज्या शत्रूची जात कळली त्याचे भय निम्मे झाले. तयारी आणि धीर ही दोन वेगळी औषधे नव्हेत. खऱ्या परीक्षेसारखा केलेला सराव हेच दोहोंचे औषध होय.

तरीही त्या दिवशी छाती धडधडणारच. वाशीमहून पहाटेची गाडी धरून परगावच्या केंद्रावर पोचावयाचे असेल तर धावपळीने ती अधिकच धडधडते. म्हणून केंद्र लांब असल्यास शक्य तर आदल्या दिवशीच जावे, जागा पाहून ठेवावी आणि प्रवेशपत्र व ओळखपत्र रात्रीच एकत्र बांधावे. आदल्या रात्री जागरण करू नये. वाचलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेतच होत असते. उन्हाळ्याचे दिवस असले तर पाणी जवळ बाळगावे आणि हलके खावे. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ साली असे प्रसिद्ध केले की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपली सारी चिंता कागदावर लिहून काढली असता घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारले. हा उपाय सर्वांस सारखाच लागू पडतो असे नाही, पण त्यास खर्च एका कागदाचा आहे. आपापल्या सराव परीक्षेत तो करून पाहावा.

दालनात बसल्यावर श्वास चार अंक मोजून घ्यावा आणि सहा अंक मोजून सोडावा, असे पाच-सहा वेळा करावे. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. पहिला प्रश्न न आला तर तो जागेवरच सोडून, पुन्हा पाहण्याची खूण करून पुढे जावे. पहिले दहा मिनिट जे नक्की येते तेच सोडवावे. सुटलेला प्रत्येक प्रश्न मनाच्या पाटीवरील चिंतेची एक ओळ पुसून टाकतो.

घरातील वडीलधाऱ्यांचाही ह्यात वाटा आहे. सोयाबीनच्या पैशातून शिकवणीची फी भरलेली असते आणि ती मुलास ठाऊक असते. ती जेवताना पुन्हा ऐकविण्याचे कारण नाही. 'किती गुण पडतील?' ह्या प्रश्नास परीक्षेआधी कोणापाशीही उत्तर नसते. 'आज काय नवे कळले?' ह्या प्रश्नास मात्र रोज उत्तर असते. आणि मुलाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली, अन्न जाईना, 'माझे काही खरे नाही' अशी निरवानिरवीची भाषा तोंडी येऊ लागली, तर ती आळस किंवा नाटक समजू नये. अशा वेळी त्यास एकटे न सोडता वैद्यकीय मदत घ्यावी. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्यावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा देता येते. पोटचे पोर पुन्हा मिळत नाही.

पापळसारख्या वऱ्हाडातील खेड्यात जन्मलेले पंजाबराव देशमुख बॅरिस्टर झाले, घटना समितीत बसले आणि पुढे देशाचे कृषिमंत्री झाले. शेतकऱ्याच्या घरातून कायद्याकडे जाणारी वाट ह्या प्रांतात पूर्वीच पडलेली आहे. तिच्यावरून चालण्यास निर्भय असण्याची अट नाही. आपल्या भीतीस प्रश्न विचारण्याचा अभ्यास मात्र पाहिजे, आणि हाच अभ्यास पुढे वकिलास जन्मभर उपयोगी पडतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे पक्षकारापुरते खरे असेलही. परंतु ज्या गरिबास ती नाइलाजाने चढावी लागते, त्याच्या शेजारी उभा राहून त्याचेच बोलणे बोलणारा कोणी शहाणा माणूस तेथे असलाच पाहिजे. तो वाशीमच्या एखाद्या ओसरीवर आज घड्याळ लावून प्रश्नपत्रिका सोडवीत बसला असेल.